ढेपेची भाकर

गोविंदा दिघोरेच्या उजव्या पायाला गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तळ्यात, शिंपल्याचा काप लागला, तेव्हा त्यानं त्याकडे नीट पाहिलंही नाही. ढिवराच्या पायाला असे काप रोजचेच. चिखल धुतला, चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळं घेऊन पाण्यात उतरला. पण दिवाळी गेली, धान खळ्यावर आले, तरी ती जखम काही भरेना. कडा आधी पांढऱ्या पडल्या, मग काळ्या. शेवटी शेवटी तर घरात पाऊल टाकताच वास यायचा.

त्याची बायको गोकुळा सकाळ-दुपार कडुलिंबाच्या पाण्यानं ती जखम धुवायची. सावली गावच्या बाजारात मासोळ्या विकून दुपारी घरी बोडीटोल्याला परत यायची, पाटी टेकवायची आणि आधी त्याचा पाय धुवायला बसायची, मग स्वतः जेवायची. पोरगी रीता लग्न होऊन कुरखेड्याला गेली होती, त्यामुळे घरात दोघंच. मासोळी विकणारी बाई असूनही गोकुळाचा आवाज कधी चढला नव्हता. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की ती नुसती मासोळ्यांवर ओलं फडकं झाकायची आणि दुसरीकडे बघायची. गिऱ्हाईक आपोआप वळणावर यायचं.

गोविंदाचा थोरला भाऊ सोमाजी त्याच अंगणाच्या पलीकडच्या घरात राहायचा. तो पाहायला एकदा आला. अंगणातूनच, नाकाला दुपट्टा लावून त्यानं विचारलं, "कसा आहे गा?" आणि उत्तर यायच्या आत निघून गेला. गोकुळानं ते पाहिलं. तो भासरा, त्याच्यासमोर तिनं कधी डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नव्हता. त्या दिवशीही तिनं पदर सावरला आणि पाय धुवायला बसली.

सन दोन हजार दोनच्या डिसेंबरात तिनं गोविंदाला एसटीत घातलं आणि चंद्रपूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात नेलं. तिथं कळलं की त्याला शुगर आहे, आणि आजची नाही, बऱ्याच वर्षांची आहे. करंगळी वाचली नाही. डॉक्टरनं ती कापली, उरलेला पाय वाचेल म्हणाला, पण एका अटीवर.

"भात बंद," तो म्हणाला. "गोळी रोज. बाकी काय खायचं ते बाजूच्या खोलीत मॅडम सांगतील."

बाजूच्या खोलीतल्या मॅडमनी मान वर न करता एक छापील कागद पुढे सरकवला. गोकुळा चौथीपर्यंत शिकलेली. तिनं बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सकाळी ओट. दुपारी बदामाच्या पिठाची पोळी. ब्राऊन ब्रेड. ऑलिव्ह तेल. सफरचंद अर्धं.

"बाई, हे ओट म्हणजे काय होये?"

"बाजारात मिळतं."

"सावलीच्या बाजारात?"

"मावशी, मागे लाईन आहे."

"अन् बदामाचं पीठ? बदाम आमच्या घरी पोरीच्या बाळंतपणात आले होते, तेही मोजून. त्याची पोळी रोज कशी करावं?"

मॅडमनी आता मान वर केली. "नाही जमत तर नका करू. पण भात दिला आणि पुढच्या वेळी पाय कापायची पाळी आली, तर मग आमच्याकडे येऊन रडू नका."

गोकुळानं कागदाची घडी घातली, कमरेला खोचली आणि बाहेर आली. एसटीत खिडकीशी बसली, तरी तिचा राग उतरत नव्हता. बाई फटकळ बोलली, याचा तिला राग नव्हता. बाजारात ती याहून फटकळ बोलणं रोज ऐकायची. राग याचा होता की, तुम्ही घरी काय खाता, एवढं त्या बाईनं एकदाही विचारलं नाही. मूल गावापासून कुरखेड्यापर्यंत माणूस तिन्ही टायम भात खातो. शिळा भात सकाळी, ताजा दुपारी, उरलेला रात्री. तो बंद करा म्हणायला एक शब्द पुरला. त्याच्या जागी काय, हे सांगायला मात्र इथल्या मातीतला एक दाणाही त्या कागदावर नव्हता.

"काय म्हणे ती बाई?" शेजारून गोविंदानं विचारलं.

"काही नाई म्हणे," गोकुळा म्हणाली. "आपलं आपल्यालेच पाहा लागते."

पहिला महिना ज्वारीच्या भाकरीवर गेला. गोविंदा ती भाकर कालवणात बुडवून, डोळे मिटून गिळायचा. सावलीला रक्त तपासलं तर शुगर उतरली होती, पण जेमतेम. मग एके दुपारी चुलीपुढे बसून गोकुळानं स्वतःशीच हिशेब मांडला. बदाम म्हणजे तरी काय? तेलाचा दाणाच की. मग शेंगदाणा काय वाईट? तोही तेलाचाच दाणा, आणि तो आठवडी बाजारात पोत्यानं मिळतो.

तिनं दाणे भाजले, टरफलं पाखडली आणि उखळात घातले. दहा-बारा घाव घातले तोवर ठीक. पुढे पीठ व्हायच्या ऐवजी त्याला तेल सुटलं आणि लाडूचा गोळा झाला. दुसऱ्या दिवशी हलक्या हातानं, थांबून थांबून कांडले. पीठ झालं, पण भाकर थापली तर तव्यावर तिचे चार तुकडे झाले. तिसऱ्या दिवशी सहा. गोविंदा ते तुकडे चमच्यानं खाऊ लागला आणि हसला. तिला हसू आलं नाही.

सावलीत कमरुद्दीनची तेल काढायची मशीन होती. त्याची बायको हाजरा गोकुळाची जुनी गिऱ्हाईक. दर शुक्रवारी तिच्याकडून वाम मासोळी घ्यायची. गोकुळानं तिला सगळं सांगितलं. हाजरानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, दाण्यात तेल आहे तवर पीठ कसं होईल? आधी तेल काढून घे ना. खाली जी ढेप पडते, पेंड म्हणतात ना, ती दळ. माझ्या अम्मीलेही शुगर होती. ती ढेपेची चटणी खायची, भाताबिगर."

"ढेप तर गुरायले घालतात."

"गुरायले घालतात ती सडक्या दाण्याची, टरफलासकट. तू निवडून, चांगले दाणे आण. पहिला घाणा तुझा. मी मशीन धुवून ठेवते."

आणि तिनं खरोखर धुवून ठेवली. कमरुद्दीन वैतागला, म्हणाला, "एका पायलीसाठी सारी मशीन पुसून राह्यली." हाजरानं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. गोकुळानं एकेक दाणा हातानं निवडून नेला होता. काळा, सुरकुतलेला, बुरशीचा एकही ठेवला नव्हता. मशीनमधून पिवळं तेल एका बाजूला आणि वाकड्या-तिकड्या पापड्यांसारखी ढेप दुसऱ्या बाजूला पडली. तेल तिनं फोडणीला ठेवलं. ढेप दोन दिवस उन्हात वाळवली, कांडली, जात्यावर दळली, बारीक चाळणीतून चाळली. असं पीठ निघालं की हाताला मैद्यासारखं लागावं.

तरी भाकर फुटतच होती. पीठ होतं, पण त्याला धरून ठेवणारं काही नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या बुधरीच्या मानेवर गळू आलं, म्हणून गोकुळानं जवसाचं पोटीस करून दिलं. भाजून वाटलेला जवस कढत पाण्यात घातला, ढवळला आणि पळी उचलली, तर वाडग्यातला सगळा गोळा पळीला लोंबकळत वर आला. ती पळी हातात धरून ती तशीच थांबली. बुधरी म्हणाली, "लाव ना वो, थंडा होऊन राह्यला." गोकुळानं पोटीस लावलं आणि जवळजवळ धावतच घरी आली.

ओंजळभर पीठ, त्यात मूठभर जवसाचा तो चिकट गोळा, मीठ, ओवा. मळून घटकाभर झाकून ठेवलं. मग पळसाच्या पानावर गोळा ठेवला, वरून दुसरं पान, आणि तळहातानं दाबत दाबत पातळ केला. पानासकट तव्यावर टाकला. आच मंद. खालचं पान वाळून कुरकुरलं की आपोआप सुटतं, मग उलटायचं आणि दुसरं सोडवायचं. ती भाकर अखंड उतरली. तपकिरी, वर पानाच्या शिरांची नक्षी. गोविंदानं मासोळीच्या आंबट कालवणात ती मोडली, दोन खाल्ल्या आणि पोटावर हात ठेवून म्हणाला, "पोट भरलं वो माह्यं." डिसेंबरापासून हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं.

फेब्रुवारीत दोघं चंद्रपूरला गेले. रक्ताचा कागद पाहून डॉक्टरनं चष्मा काढला. "काय खाता हो?" त्यानं विचारलं. गोकुळानं फडक्यातली भाकर टेबलावर ठेवली. त्यानं तुकडा मोडला, चावला, कशी केली ते विचारून घेतलं. "चालू ठेवा," म्हणाला. "गोळी मात्र सोडायची नाही." इतकंच. पण निदान त्यानं विचारलं तरी होतं.

आता गावचं ऐका. दर पंधरा दिवसांनी गोकुळा सावलीहून ढेपेची पिशवी घेऊन येते, हे लोकांच्या डोळ्यांत भरलं होतं. तिच्या घरी तर गाय नाही, म्हैस नाही, बकरीसुद्धा नाही. मग ढेप कुणासाठी? सोमाजीनं एकदा चुलीकडे डोकावून पाहिलं आणि त्याला उत्तर सापडलं. त्यानं ते पानठेल्यावर सांगितलं, मासेमार सोसायटीच्या बैठकीत सांगितलं, तलावाच्या बांधावर सांगितलं. आपल्या भावाची बायको त्याला गुरांचं खाणं चारते. घरचे धान विकून पैसे गाठीला मारते आणि नवऱ्याला ढेप. म्हणून तर तो असा वाळला.

गोविंदा वाळला होता हे खरं. शुगरच्या माणसाचं पोट उतरलं की तो वाळलेलाच दिसतो. पण जखमेचं तोंड मिटत आलं होतं, तो काठी न घेता तलावापर्यंत जात होता, आणि घरात वास येत नव्हता. हे कुणीच सांगत नव्हतं. बायका विहिरीवर गोकुळाला विचारू लागल्या, "काऊन वो, आज कडबा शिजवला का?" ती घागर भरायची आणि निघून यायची. गोविंदाला सांगितलं तर तो म्हणायचा, "बोलू दे ना, लोकायच्या तोंडाले कोण हात लावते." तो बोलत नव्हता, कारण सोमाजी थोरला भाऊ आणि सोसायटीचा सचिव. तलावात कुणी कधी जाळं टाकायचं, ती पाळी तोच ठरवायचा.

एप्रिलात सोमाजीच्या पोरीचं, भाग्यश्रीचं लग्न लागलं. चार गावचा समाज जमला. मांडवात पंगत बसली. पत्रावळीवर भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. गोकुळानं घरून तीन भाकरी फडक्यात बांधून आणल्या होत्या. गोविंदाच्या पत्रावळीवरचा भात तिनं वाढप्याला परत न्यायला लावला आणि वाकून भाकरी ठेवल्या.

सोमाजी तूप वाढत येत होता. तो गोविंदापुढे थांबला. तुपाची वाटी दुसऱ्याच्या हातात दिली, पत्रावळीवरची एक भाकर उचलली आणि वर धरली.

"पाहा गा पंचहो," तो म्हणाला. "माह्या पोरीच्या लग्नात माह्या सख्ख्या भावाले ढेप. माह्या दारात भात संपला का? का या बाईनं त्याले बैल समजून ठेवलं?"

दोन्ही पंगतीत हसू फुटलं. कुणीतरी मागून बैलाला हाकतात तसा आवाज काढला. वऱ्हाडी मंडळी मान उंच करून पाहू लागली.

गोकुळाच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. तिनं तो पुन्हा घेतला नाही.

"भाऊ, भाकर खाली ठेवा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मांडवाच्या टोकापर्यंत गेला. "चार महिने याच माणसाच्या पायातून पू वाहत होता. तुमचं घर अंगणापलीकडं आहे. तुमी एकदा आले, तेही नाकाले दुपट्टा लावून. पाणी कोण तापवे? चिंध्या कोण धुवे? बोट कापलं तेव्हा चंद्रपूरले कोण बसलं होतं? या पंगतीतल्या एकानं उठून सांगावं, मी आलो होतो म्हणून."

कुणी उठलं नाही.

"ढेपच होये ती. मी कुठी नाई म्हणते? एकेक दाणा निवडून काढलेली होये. तुमच्या भातानं त्याचा पाय सडला, या ढेपेनं भरला. डॉक्टरनं स्वतः खाऊन पाहिली. तुमाले लाज वाटून राह्यली, तर ज्या दिवशी वास येत होता त्या दिवशी वाटाले पाह्यजे होती."

सोमाजीचा चेहरा काळवंडला. आता काहीतरी होणार म्हणून सगळे गोविंदाकडे पाहू लागले. नवरा होता तो. त्याच्यासाठीच हे चाललं होतं.

गोविंदानं कुणाकडेच पाहिलं नाही. उरलेल्या दोन भाकरी त्यानं पत्रावळीच्या बाजूला, मातीत ठेवल्या आणि वाढप्याला हळूच म्हणाला, "भात आण."

गोकुळा ते पाहत उभी राहिली. त्यानं भात कालवला, पहिला घास घेतला, बुंदी घेतली. मग तिनं वाकून मातीतल्या भाकरी उचलल्या, झटकल्या, फडक्यात बांधल्या आणि मांडवाबाहेर पडली. म्हातारी बुधरी मागून हाका मारत आली, पण ती थांबली नाही. घरी येऊन तिनं त्या दोन्ही भाकरी स्वतः खाल्ल्या, पाणी प्याली आणि दार लोटून पडली. सोमाजीचा तिला राग होताच, पण तो जुना होता, अंगवळणी पडलेला. हा नवा होता, आणि याला कुठे ठेवावं हे तिला समजत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तिनं भात रांधला. मोठं पातेलं भरून. त्याच्यापुढे ठेवला.

"भाकर?" गोविंदानं विचारलं.

"भाकर नाई."

"काऊन?"

"तुमाले भातच पाह्यजे होता ना, चार लोकांत? खा. तुमच्या पायाचं तुमी पाहा. मी आजपासून फक्त रांधीन, दुसरं काही करीन नाई."

तो खाली मान घालून जेवला. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. लग्नघरची उरलेली बुंदी कुणीतरी आणून दिली होती, तीही त्यानं खाल्ली. जणू तोही हट्टाला पेटला होता. पाचव्या दिवशी त्याला रात्री चार वेळा लघवीला उठावं लागलं. आठव्या दिवशी कापलेल्या करंगळीच्या जागी, जिथं कातडं नवीन होतं, तिथं ओल आली. त्यानं ती पाहिली आणि वरून चिंधी गुंडाळली. गोकुळानंही पाहिली. तिचा जीव आत तुटत होता, पण ती उठली नाही. इतके दिवस आपण एकटीनं हा पाय वाचवला आणि मालक तिऱ्हाइतासारखा पंगतीत बसला. आता मालकानं उठावं, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

नवव्या दिवशी ती बाजारातून आली, तर घरातून धूर निघत होता. चुलीपुढे गोविंदा उकिडवा बसला होता. समोर परातीत पीठ, बाजूला जवसाचं वाडगं, अंगणातल्या पळसाची पानं. सगळीकडे पीठ सांडलं होतं. त्यानं पाणी कमी घातलं होतं, म्हणून जवस नीट फुलला नव्हता. तव्यावर एक भाकर होती, तिचा अर्धा भाग पानाला चिकटलेला आणि अर्धा जळलेला.

गोकुळानं पाटी खाली ठेवली. ती दारातच बसली.

"पाणी कढत पाह्यजे," ती म्हणाली. "उकळी आल्यावर घाला लागते."

"सांगतलं नाई तू कधी."

"तुमी इचारलं नाई कधी."

त्यानं पुन्हा पाणी ठेवलं. उकळी येईपर्यंत तो चुलीत काटक्या सारत राहिला. मग तो चुलीकडे बघतच म्हणाला, "मले भीती वाटली गोकुळे. समद्यायसमोर. दादा उद्या जाळ्यावरून काढून टाकन, असं वाटलं."

"अन् मले वाटली नसन? मी भासऱ्यापुढं डोकं उघडं केलं, ते काय मले सवय होती म्हणून?"

"नाई."

"मंग?"

त्यानं दुसरी भाकर थापली. ती गोल झाली नाही, पण तुटलीही नाही. त्यानं ती खाल्ली, वरून पाणी घेतलं, फडक्यात एक गुंडाळून घेतली आणि काठी शोधू लागला.

"कुठी जाता?"

"दादाकडं."

गोकुळा त्याच्यासोबत गेली नाही. तिच्या दारातून पलीकडचं दार दिसायचं, पण ती आत वळून मासोळ्यांची पाटी धुवत बसली. पलीकडून गोविंदाचा आवाज येत होता, आधी हळू, मग जरा चढा. सोमाजीचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं काठीची टकटक परत आली.

"काय म्हणाले?"

"काही नाई म्हणाला. मी सांगतलं, की माह्या बायकोनं पाय वाचवला, अन् मांडवात मी खाल्लं ते चुकलं. तू तिची माफी माग म्हटलं. अन् भाकर त्याच्या खाटेवर ठेवली."

"मागतली का माफी?"

"नाई."

"मागणारही नाई."

"नाई मागणार," गोविंदा म्हणाला.

सोमाजीनं माफी कधीच मागितली नाही. सोसायटीच्या जाळ्याची पाळी त्यानं गोविंदाला वर्षभर दिली नाही, आणि पाण्यात पाय घालू नको असं डॉक्टरनंच सांगितलंय, हे कारण त्याला आयतं मिळालं. गोविंदा मग तलावाच्या बांधावर बसून जाळी विणू लागला, चार गावांची. पायाची ओल महिन्याभरात सुकली. बाकीची नऊ बोटं शेवटपर्यंत राहिली.

हाजराच्या अंगणात पुढे दर शुक्रवारी पाच-सहा बाया आपापले निवडलेले दाणे घेऊन बसू लागल्या. कुणाची सासू शुगरची, कुणी स्वतः. गोकुळा त्यांना पळसाचं पान कसं धरायचं ते दाखवायची. एकदा त्यातल्या एकीनं विचारलं, "पण बाई, घरचे लोक हसतात, ढेप म्हणतात. त्यायले काय सांगावं?"

गोकुळानं हातातला गोळा दाबत म्हटलं, "त्यायले काही नको सांगू. ज्याच्यासाठी करते, त्याले चुलीपुढं बसव."